कमरेमागचा कठडा

वकिलाच्या ऑफिसात कोणी प्रेमात पडायला जात नाही. तीही एक सही करून मुकाट्याने कामावर परत जायचं, एवढंच ठरवून आली होती. पण समोरच्या खुर्चीवर एसी ठिबकायला लागला, आणि त्या खुर्चीवरचा तरुण उठून नेमका तिच्या शेजारी येऊन बसला.

"नोटीसही यांचीच, वर अंघोळही यांनीच घातली," रुमालाने खांदा पुसत तो म्हणाला.

ती हसली. आणि आपण मोठ्याने हसलो, याचंच तिला नवल वाटलं.

"कसली नोटीस?"

"अब्रुनुकसानीची. मी ब्लॉग लिहितो. मासिकांतल्या फोटोंत खरं काय, बनवलेलं काय, ते शोधून काढतो. लोक मला भिंग म्हणतात. आई रिकामटेकडा म्हणते."

भिंग! तिच्या धंद्यातली सगळीच माणसं या भिंगाला टरकून होती. तीही एका मासिकात फोटो सुधारायचं काम करायची. डाग पुसायचे, सुरकुत्या घालवायच्या, हनुवटी सरळ करायची. तिने त्याचा एकूण एक लेख वाचला होता, पण तो दिसायला असा असेल, असं काही वाटलं नव्हतं. डोळे हसरे, शर्टाचं एक बटण भलत्याच काजात.

त्याने पिशवीतून नेमकं तिचंच मासिक काढलं. मुखपृष्ठावर नावाजलेली अभिनेत्री, गच्चीच्या कठड्याला टेकून उभी. खाली ठसठशीत अक्षरं... 'जशी आहे तशी'.

"मेकअप नाही, फोटोला हात लावलेला नाही, असं म्हणतात. पण हा कमरेजवळचा गज बघा. वाकलाय. लोखंडी गज काय लाजून वाकतो? फोटोत कंबर आवळलीय, तिच्याबरोबर गजही ओढला गेला, दुसरं काय! आम्ही तिघा ब्लॉगवाल्यांनी लिहिलं होतं. नोटीस आली आणि दोघांनी शेपूट घातली."

"आणि तुम्ही?"

"मला शेपूटच नाही. हवं तर बघा."

"नको, विश्वास आहे," ती म्हणाली, आणि लगेच लाजून दुसरीकडे बघू लागली.

तो गज तिच्या हातून वाकला होता. सरळ करायचा राहून गेला होता.

"एक सांगू?" त्याचा आवाज एकदम हळू झाला. "ज्याने हे केलंय ना, तो कसबी माणूस आहे. त्याचं काम मी कुठेही ओळखेन. सगळं गुळगुळीत करतो, पण कानामागची एक विस्कटलेली बट तेवढी ठेवतो. प्रत्येक फोटोत. जणू कोणाला तरी सांगतोय, बाबांनो, मी इथे आहे... एकटा असणार बिचारा."

तिने उगाचच पर्स उघडली आणि बंद केली. तिची कामाची खोली राखाडी होती. रंग पारखताना डोळा फसू नये म्हणून भिंती राखाडी, कपडेही राखाडीच घालायचे, आणि खिडकी नाही. आई दादा-वहिनीकडे राहायला गेल्यापासून घरीही बोलायला कोणी नव्हतं. काम चांगलं झालं तर ते दिसायलाच नको, असा तो धंदा. मग करणारी तरी कोणाला दिसणार? ती बट ती का ठेवायची, हे तिने स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. आणि या परक्या माणसाने बसल्या बसल्या सांगून टाकलं.

तेवढ्यात तिला आत बोलावलं.

वकीलसाहेबांनी कागद पुढे सरकवला. 'मी या छायाचित्रातील कंबर बारीक केलेली नाही.' बस, एवढंच.

गंमत अशी की ते खरं होतं. मागच्या महिन्यात ती अभिनेत्री स्वतः त्या राखाडी खोलीत आली होती. काळा चष्मा काढला, शाल बाजूला केली, तर वाळून नुसती काडी. "मला जरा भरा हो," ती म्हणाली होती. "कंबर, दंड, गाल. माझी आई दूर असते. मासिक आलं की आधी माझी तब्येत बघते. मी धड जेवत नाही, हे तिला कळलं तर तिकडे झुरून मरेल. कोणाला सांगणार नाही ना?" आणि हिने शब्द दिला होता. कंबर आवळली की गज कमरेकडे वाकतो, फुगवली की कमरेपासून लांब. हा लांब गेला होता. पण आवळलेल्या कमरा पकडून पकडून भिंगाची दिशा बघायची सवयच सुटली होती.

"मी सही केली तर बाहेर बसलेत त्यांचं काय होईल?" तिने विचारलं.

"माफी मागतील. नाहीतर कोर्टाच्या पायऱ्या झिजवतील. कर्जबाजारी होतील," वकीलसाहेब थंडपणे म्हणाले.

"उद्या केली तर चालेल?"

साहेबांनी नाक मुरडलं, पण हो म्हणाले.

बाहेर येऊन तिने त्याला जिन्यात बोलावलं. तो हसत हसत आला. ते हसू आता जाणार, हे तिला ठाऊक होतं.

"ती बट... मी ठेवते."

तो बघतच राहिला.

"तो लेख काढून टाका. तुमचं चुकलंय. का, ते मला सांगता येणार नाही. कोणाला तरी शब्द दिलाय."

"म्हणजे त्यांनी तुम्हाला पाठवलं माझ्याकडे!"

"नाही हो..."

"रोज लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकायचं काम तुमचं. आणि मी ऐकायचं? आजवर माझं एकदाही चुकलेलं नाही. लोक त्याच्यासाठीच मला वाचतात. दुसरं आहे काय माझ्याकडे?"

"माहीत आहे," ती म्हणाली. "तरी ऐका."

तो जिना उतरून गेला. ती कठड्याला धरून उभी राहिली. एवढं एकटं तिला त्या राखाडी खोलीतही कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर तिने भीतभीतच त्याचा ब्लॉग उघडला. लेख गायब. त्या जागी एकच ओळ होती, 'माझं चुकलं. कोणाच्या धमकीमुळे नाही, खरोखर चुकलं.' खाली लोकांनी त्याला धुऊन काढला होता. पळपुटा, विकला गेला, किती मिळाले... तिला पुढे वाचवेना. दुपारी वकिलाचा फोन आला, सहीची गरज उरली नव्हती.

संध्याकाळी ऑफिस सुटलं तेव्हा तो फाटकापाशी उभा होता.

"माझ्यामुळे लोक तुम्हाला काय काय बोलतायत," ती म्हणाली.

"निम्मे तर सोडूनच गेले. आता बहुतेक आईच वाचेल. तीही चुका काढायला." तो हसायला गेला, पण जमलं नाही. "काल फार बोललो मी. चुकलंच."

"मग... गज बघितलात?"

"बघितला. कुठल्या बाजूला वाकलाय तेही कळलं. त्या बाईंचं काय ते त्यांच्यापाशी. माझ्या तोंडून कधी जायचं नाही."

"म्हणून काढलात लेख?"

"नाही, लेख काल घरी पोचल्या पोचल्या काढला. गज आज दुपारी बघितला."

ती थबकली. "आधी का नाही बघितला? तुम्ही तर... बघितल्याशिवाय काही मानत नाही."

"बघितला असता तर गजाचं ऐकल्यासारखं झालं असतं," तो खाली बघत म्हणाला. "मला तुमचं ऐकायचं होतं."

रस्त्यावरून माणसं जात होती, आणि ती सगळ्यांदेखत रडायला लागली.

"अहो, अहो... मी काय केलं आता?"

"तुम्ही मला आवडता," ती म्हणाली. एकदा तोंड उघडलं, मग थांबेचना. "कालपासून नाही, कधीचे! तुमचा लेख आला की मी दार लावून वाचायचे. तुम्ही माझ्या चुका काढायचात, बाकीचे भ्यायचे, आणि मला बरं वाटायचं... म्हणजे कोणीतरी आहे, मी काय करते ते बघणारं. मला दुसरं कोणीच नाही हो बघत."

त्याने खिशातला रुमाल काढून तिला दिला आणि गाड्या येत होत्या त्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"हे सगळं... परत एकदा सांगाल?" तो म्हणाला. "जरा सावकाश. चालता चालता."

तिने डोळे पुसले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.