पाण्यात बसलेल्यांची नावं

प्रतिभा मॅडम जांभूळ गावी आमच्या घरी आल्या, तेव्हा मी ओटीवर वाल सोलत बसलो होतो. उल्हासनगरच्या एका कॉलेजात त्या इतिहास शिकवायच्या. राजेमहाराजांचा नाही, आपल्या हयातीतला. मोर्चे, निवडणुका, कुठलं सरकार कसं आलं नि कसं पडलं, तो. मला शाळा नाही. पण बाई समोर बसून असं ऐकायच्या की आपल्याजवळही सांगण्यासारखं काही आहे असं वाटायचं.

"बाबा, रिटायर व्हायच्या आत हे पुस्तक पुरं करायचंय," त्या म्हणाल्या. "धरणाच्या पाण्यात जे बसले होते ते राजीखुशीनं गाव सोडून गेले, असं सरकारी कागदावर आहे. मला त्यांची नावं छापायचीत."

माझा मुलगा बारकू रिक्षा पुसत होता. तो म्हणाला, "नावं छापून काय भेटणार, मॅडम? म्हाताऱ्याला उगाच डोंगरात फिरवाल."

"तुझ्या आईचं नाव येईल त्यात."

बारकूचं फडकं काचेवरच थांबलं. त्याला आईचा चेहरासुद्धा आठवत नाही.

डोंगरातली आमची करवंदवाडी धरणात गेली. दरवाजे बंद झाले त्या दिवशी आम्ही पाण्यात जाऊन बसलो, उठणार नाही म्हणून. पाणी आधी मांडीला लागलं, मग कमरेला. बारकूच्या आईनं पोर माझ्या खांद्यावर दिलं. "याला वर ठेवून या," म्हणाली. मी वर चढेपर्यंत अंधार झाला. परत आलो तर नुसतं पाणी. शिवराम, येसू, कुंदा, ती... कुणाचं मढंही मिळालं नाही.

ज्याला अग्नी मिळाला नाही त्याचं नाव आमच्यात पाण्याजवळ घेत नाहीत. आणि बायकोचं नाव तर आमच्या पिढीनं कधी घेतलंच नाही. घरात ती बारकूची आई, बाहेरही बारकूची आई. तिचं खरं नाव जाणणारं माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. ते मी उशीलासुद्धा सांगितलं नव्हतं. निजलीय, तर निजू दे. कुणी हाक मारून उठवायला नको.

मॅडमची रीत अशी, की जिथं घडलं तिथं माणसाला न्यायचं. जागेवर आठवतं म्हणायच्या. म्हणून उन्हं कलल्यावर आम्ही बारकूच्या रिक्षानं निघालो. उन्हाळ्यात धरणाचं पाणी खूप खाली गेलेलं. बारकू वर रस्त्यावर थांबला, आम्ही दोघं खाली उतरलो. गाळ वाळून तडकला होता, त्याच्या भेगांतून कुजक्या शेवाळाचा वास येत होता. वारा नव्हता. पाखरू नव्हतं. आपलाच श्वास आपल्याला ऐकू यावा असं सगळं थांबलेलं.

मॅडम एका दगडावर बसल्या. कागद काढला, चष्मा लावला आणि चक्क मोठ्यानं वाचायला लागल्या.

"शिवराम."

थांबल्या. मान वर केली, समोर बघितलं, मग कागदावर खूण केली. वर्गात हजेरी घेताना करतात ना, तसं. हयातभराची सवय.

"येसू..."

"मॅडम, हितं नको," मी म्हणालो. "मनात वाचा."

"नावं बरोबर आहेत ना, तेवढंच बघतेय. कुंदा... आता एकच राहिलं. बारकूच्या आईचं नाव काय हो?"

"बारकूची आई."

"इतिहासात असं चालत नाही, बाबा. नाव नाही म्हणजे अशी कुणी बाई नव्हतीच, असं म्हणतील लोक."

मी मान हलवली. त्या उसासा टाकून कागदात काही लिहायला लागल्या. दिवस बुडत होता. पाणी काळं होत होतं.

तेवढ्यात पाण्याकडून आवाज आला. बाईमाणसाचा. हळू, बिचकत, पहिल्यांदाच शाळेत आल्यासारखा.

"मॅडम..."

तिन्हीसांजेला पाण्याकडून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी त्यांचा हात धरायला वाकलो. पण मॅडमनी मान वर न करताच म्हटलं,

"हं, विचार."

मग चमकून बघितलं. "कोण होतं?"

"कुणी नाही. उठा... मागं बघू नका."

रिक्षात त्या माझ्या शेजारी बसल्या. बदलापूरचे दिवे दिसायला लागले तशा त्या सीटच्या मागच्या रिकाम्या जागेकडे वळल्या नि समजावल्यासारखं म्हणाल्या, "हो हो. ते पुढच्या तासाला सांगते."

बारकूनं आरशातून माझ्याकडे बघितलं.

पावसाळा सरता सरता त्यांचा निरोप आला. शेवटचा तास आहे, मुलांसमोर येऊन बसा. मन नको म्हणत होतं, पण बाईंनी मला माणसात धरलं होतं. बारकूनं कॉलेजच्या फाटकाशी सोडलं. कीर्ती नावाची त्यांची विद्यार्थिनी मला हात धरून जिना चढवत होती.

"आजोबा, एक सांगू? मॅडम मधेच थांबतात. मागच्या बेंचकडे बघून 'हं, विचार' म्हणतात. मग ऐकत राहतात. उत्तर पण देतात. तिकडे कोणी बसतच नाही हो. सच्ची, मेरे को बहुत डर लगता है."

भर दुपार होती, पण आभाळ भरलेलं आणि लाईट गेलेली. मुलं पुढच्या बाकांवर दाटीवाटीनं बसली होती. मागचे बाक रिकामे. मॅडमच्या गालांची हाडं वर आलेली. मला त्यांनी पुढं खुर्ची दिली, कीर्ती शेजारच्या बाकावर टेकली. शिकवणं सुरू झालं आणि थोड्याच वेळात थांबलं. त्या माझ्या डोक्यावरून मागं बघत होत्या.

"हं, विचार."

वर्गात कुणी हललं नाही. मॅडम ऐकत होत्या. हळूहळू मान डोलावली.

"बरोबर आहे. आधी हजेरी घेते. शिवराम..."

खूण केली.

"येसू... कुंदा..."

शेवाळाचा तो वास माझ्या नाकात शिरला.

"गोदू."

मी खुर्चीतून अर्धा उठलो. "मॅडम... हे नाव तुम्हाला कुणी..."

"त्यांनीच सांगितलं, बाबा. पुस्तकात यायला पाहिजे म्हणाल्या."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओळख नव्हती त्या नजरेत.

"कोंडाजी."

माझंच नाव. मी खांद्यावरचा पंचा तोंडात कोंबला. ओ दिली नाही. देवाशपथ दिली नाही.

मागच्या बाकावरून ओ आली.

कीर्तीची नखं माझ्या मनगटात रुतली, म्हणजे तिलाही ऐकू आलं होतं. आवाज माझा होता. आत्ताचा नाही. आता दात नाहीत, शब्द ओठांतून गळतात. हा या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक जायची तेव्हाचा होता.

मॅडमनी खूण केली. "आले सगळे," म्हणाल्या, आणि जिथं थांबल्या होत्या तिथून पुढं शिकवायला लागल्या.

पुस्तक निघालं. गोदूचं नाव आहे त्यात. बारकूनं ते पान उघडून देव्हाऱ्यात ठेवलंय. मला वाचता येत नाही, मी नुसतं बोट फिरवतो. हयातभर मी ते दडवलं, आणि तिला ते हवं होतं. हे मला कळायला हवं होतं.

पण आता बारकू बाहेरून "बाबा" म्हणून हाक मारतो ना, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत आतल्या खोलीतून ओ जाते. मी परसदारी असतो. आत कुणी नसतं. बारकूला वाटतं मीच.

परवा जेवताना म्हणाला, "बाबा, तुमचा आवाज हल्ली चांगला मोकळा झालाय."