थंड इंजिनाचा वास

दुसऱ्या दिवशी सिस्टरला तिच्या आईला हॉस्पिटलच्या वॉर्डातून घरी आणायचं होतं, आणि गाडीत चार दिवसांपासून रबर जळाल्याचा वास येत होता.

सिस्टर त्याच हॉस्पिटलात वीस वर्षं नर्सची नोकरी केलेली बाई. साध्या वासाने घाबरणाऱ्यातली ती नव्हती. पण आईच्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर होतं. तिला मागच्या सीटवर आडवं निजवूनच आणावं लागणार होतं, आणि एकदा निजवली की दोघांनी धरल्याशिवाय ती बाहेर निघू शकणार नव्हती. म्हणून दुपारी ड्यूटी संपल्याबरोबर सिस्टरने गाडी तडक मिस्त्रींच्या गॅरेजवर नेली.

मिस्त्री साठीला टेकलेले. गाडीचं दुखणं ते नुसत्या वासावरून ओळखतात, असं सगळे म्हणत.

"घरी भाजी करपली तर कळत नाही यांना, असं बायको म्हणते," ते बॉनेट उघडत म्हणाले. "वास कधी येतो? चढावर, की ब्रेक दाबल्यावर?"

"कधीही येतो. काल तर नुसती दार उघडून बसले, तरी आला."

मिस्त्रींनी मान हलवली. लोक असं काहीबाही सांगतात, याची त्यांना सवय होती. त्यांनी पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, पुली हाताने फिरवली. चढावर एक फेरी मारून आले आणि तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा चारही चाकांना पालथा हात लावला. गाडीखाली शिरून सायलेन्सरला प्लास्टिकची पिशवी चिकटलीय का, तेही बघितलं.

"सगळं ठणठणीत आहे," ते म्हणाले. "जरा गार होऊ द्या. मग बघू."

सिस्टर बाकावर बसून राहिली. दोन तास गेले. बाहेर ऊन उतरलं, समोरच्या भिंतीवरची सावली वर चढत गेली. शेजारच्या सुताराने रंधा थांबवला, तशी गल्ली एकदम मुकी झाली. मिस्त्री गाडीत मागे बसले होते, दारं-काचा बंद करून, डोळे मिटून. बराच वेळ ते हलले नाहीत. मग काच थोडी खाली आली.

"सिस्टर... इकडे या जरा."

ती मागच्या दाराने आत बसली. वास इतका दाट होता की डोळ्यांत पाणी आलं.

"इंजिन गार आहे," मिस्त्री हळू आवाजात म्हणाले. "बॅटरीची तारसुद्धा मी मघाशीच काढून ठेवलीय. या गाडीत आत्ता जळू शकेल असं काहीच चालू नाही."

"मग हे..."

"शू. ऐका."

सीटखालून अगदी बारीक आवाज येत होता. ओलं सरपण पेटताना तडतडतं, तसा. थांबून थांबून. सिस्टरने पाय वर ओढून घेतले.

मिस्त्रींनी तिला बाहेर काढलं, मागची सीट उचकटली आणि टॉर्चचा झोत खाली टाकला. आवाज थांबला. खाली काहीच जळलेलं नव्हतं, साधा काळा डागसुद्धा नव्हता. ते गुडघ्यावर बसले, बोटाने वायरचा जुडगा बाजूला केला आणि तसेच थिजले.

"हे बघा. पेट्रोलच्या पंपाची वायर. पत्र्याच्या भोकात रबराची कडी असते, ती गळून पडलीय. पत्र्याच्या धारेने वायर सोलून निघाली आणि आतलं तांबं उघडं पडलं. आणि शेजारी हा पेट्रोलचा पाइप... जोडाला ओल आहे. एक ठिणगी पुरे होती. मोठा खड्डा लागला असता, की झालं."

"पण अजून काही पेटलेलं नाही ना?"

"नाही."

"मग चार दिवस वास कसला येत होता?"

मिस्त्री पान्हा घ्यायला उठले. नवी वायर, नवी कडी, नवा पाइप घालून त्यांनी सीट बसवली, तेव्हा अंधारून आलं होतं. वास कुणी फुंकर मारून विझवावा तसा गेला होता. निघताना सिस्टरने नकळत डॅशबोर्डवर तळवा टेकवला आणि मग ओशाळली. पण मिस्त्री हसले नाहीत. त्यांनीही टपावर दोनदा हलकं थोपटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई घरी आली. मागे उशीला टेकून तिने काच खाली करून घेतली. "चाळीस दिवस नुसता फिनेलचा वास गं," ती म्हणाली. "आज कुठे माणसात आल्यासारखं वाटतंय." उतारावरच्या खड्ड्यात गाडी दणकली, आई कळवळली आणि लगेच स्वतःशीच हसली. पुढे स्टिअरिंगवर बसलेल्या सिस्टरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कुणाचे आभार मानायचे ते कळत नव्हतं, म्हणून ती घरापर्यंत मनातल्या मनात सगळ्यांचेच मानत राहिली.

आई खाऊन पिऊन निजली. संध्याकाळी सिस्टर एक्स-रेचं पाकीट आणायला गाडीकडे गेली. दार उघडलं आणि ती जागच्या जागी थांबली.

आत पाण्याचा वास होता. गार, साचलेल्या, खोल पाण्याचा, तळाच्या गाळाचा. तिने सीटवर, पायपुसणीवर हात फिरवून पाहिला. सगळं कोरडं होतं.

तिने मिस्त्रींना फोन लावला. सगळं सांगितलं.

"उद्या कुठे जाणार आहात?" त्यांनी विचारलं.

"कुठेच नाही. पंधरा दिवस गाडी हलणार नाही."

"वाटेत नदी, पूल..."

"अहो, घर टेकडीवर आहे आमचं. खाली नदी नाही, तळं नाही. जुनी विहीर होती, ती बुजवून त्यावरच घर बांधलंय. आम्ही घरातच..."

ती बोलता बोलता थांबली. वारा तिच्या पाठीमागून येत होता. वास गाडीतून बाहेर येत नव्हता. तो घराच्या उघड्या दारातून येऊन गाडीत भरत होता.

"मिस्त्री," ती कशीबशी म्हणाली, "तुमचे फार उपकार झाले. ठेवते."

फोन हातात तसाच धरून ती आत धावली, आईला उठवायला.