दुर्गापुऱ्याचे तिसरे साहेब

सकाळी सात ते साडेनऊ या वेळात गजानन सबनीसांना कुणी नमस्कार केला तरी राग यायचा. विमा कंपनीच्या जयपूर कार्यालयात त्यांच्याकडे गाड्यांचं खातं होतं. नऊ गाड्या, अकरा ड्रायव्हर आणि चौतीस अधिकारी. आणि गाडीने सर्वांत शेवटी आपल्याला घ्यावं आणि सर्वांत आधी आपल्याला सोडावं, असं चौतिसांनाही वाटे. एकाची अॅम्बेसेडरमध्ये कंबर धरायची, दुसऱ्याचे इंडिकात गुडघे अडकायचे. शास्त्री नगरचे दोन साहेब एकमेकांशी बोलत नसत, म्हणून एकाच गल्लीत दोन गाड्या जात. "भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत आहे," सबनीस घरी येऊन सांगत. सांगलीहून बदली होऊन चार वर्षं झाली होती आणि चारही वर्षं त्यांची बायको विभा हेच ऐकत होती.

दोन हजार तीनच्या नोव्हेंबरात त्यात मुख्य कार्यालयाच्या परिपत्रकाची भर पडली. ज्या मार्गावर तीनपेक्षा कमी अधिकारी, तिथली गाडी बंद. दुर्गापुऱ्याच्या मार्गावर एक जण नुकताच निवृत्त झाला होता आणि दोनच उरले होते.

इतर कुठली गाडी बंद झाली असती तर सबनीसांनी पेढे वाटले असते. पण ते दुर्गापुऱ्यातच राहत. ते स्वतः भल्या सकाळी स्कूटरने ऑफिस गाठत आणि मागाहून त्यांची आठ वर्षांची ज्ञानदा त्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून शाळेला जाई. हे नियमात बसत नव्हतं. पण आदल्या वर्षी बारा पोरं कोंबलेल्या ऑटोतून ती टोंक रोडवर पडली होती. हात मोडला होता, आणि मागून येणारी बस वीतभर अंतरावर थांबली होती. त्यानंतर विभाने ऑटोचं नावही काढू दिलं नाही, आणि सबनीसांनाही ती बस अधूनमधून स्वप्नात दिसे.

म्हणून त्यांनी यादीत तिसरं नाव लिहिलं. श्री. वसंतराव दातीर, उपप्रबंधक, निरीक्षण. प्लॉट एक्केचाळीस, दुर्गापुरा. नाव कुठून सुचलं देव जाणे. राजस्थानी नाव लिहिलं असतं तर गाव कुठलं, कुणाचे कोण, अशी चौकशी दुपारच्या चहापर्यंत पुरी झाली असती. मराठी माणूस बदलीवर आला म्हटल्यावर कुणी फार खोदत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. एक्केचाळीस नंबरचा प्लॉट तर रिकामाच होता.

गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाने ड्रायव्हरच्या चिठ्ठीवर सही करायची, अशी पद्धत होती. तिसरी सही आपणच खरडायची, असं सबनीसांनी ठरवलं होतं. पहिल्या दिवशी चिठ्ठी हातात आली तेव्हा तिच्यावर तीन सह्या होत्या.

"ये तुमने किया?" त्यांनी ड्रायव्हर रामकल्याणला विचारलं.

"ना साब. दातीर साब ने किया."

"कौन दातीर साब?"

"वही, इकतालीस नंबर वाले." रामकल्याण काच पुसत राहिला. "आपने ही तो लिस्ट में लिखा है."

माणूस हुशार निघाला, आपली लबाडी ओळखून सांभाळून घेतोय, असं सबनीसांनी धरलं. त्यांना थोडा राग आला आणि बरंचसं हायसंही वाटलं.

आठवड्याने त्या मार्गावरच्या मंजुषा मॅडम तणतणत आल्या. "अहो सबनीस, तुमच्या त्या दातीरांना जरा सांगा. रोज पाच मिनिटं खोळंबा. शिवाय काच खाली करू देत नाहीत."

सबनीसांनी कपाळाला हात लावला. खरी चौतीस माणसं छळायला कमी होती, म्हणून आता खोट्या माणसाचीही तक्रार ऐकायची.

"दिसायला कसे आहेत हो?" त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं.

मॅडम उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. "कसे म्हणजे... उपप्रबंधक आहेत. निरीक्षणात. एक्केचाळीसला राहतात." पुढे काही आठवेना, तशा त्या कपाळाला आठी घालून निघून गेल्या.

रविवारी दुपारी सबनीस एक्केचाळीस नंबरला जाऊन आले. कमरेएवढी भिंत, आत वाळलेलं गवत, एक खेजडीचं झाड. वाळूवर पाऊल म्हणून नव्हतं. फाटक गंजून लाल झालं होतं. त्याची कडी तेवढी रोजच्या हाताने झिजल्यासारखी लखलखत होती.

चोराच्या मनात चांदणं. उघडपणे विचारायची सोय नव्हती. गाडी टिकावी म्हणून हे सगळे मिळून आपली फिरकी घेताहेत, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. ऑफिसात ती पटत असे. घरी आल्यावर पटत नसे.

त्याच रात्री जेवताना ज्ञानदा म्हणाली, "पप्पा, दातीर अंकलच्या घरी कोणीच नाहीये. मी विचारलं, मतलब, तुम्हाला मुलं नाहीत का? तर ते म्हणाले, तुझ्या पप्पांनी लिहिलीच नाहीत."

विभाने पोळी तव्यावरच ठेवली. "अहो, हे काय चालवलंय तुम्ही?"

"बंद करतो," सबनीस म्हणाले. "एवढा आठवडा जाऊ दे."

आठवडा जाऊ द्यायचं कारण असं, की गुरुवारी मुख्य कार्यालयाचे तपासनीस यायचे होते. ते गाड्या रस्त्यात अडवून आत कोण बसलंय ते पाहत. दातीर कुणी का असेनात, ते गाडीत असणार हे सबनीस आता धरूनच चालले होते. ज्ञानदाची सहामाही परीक्षा चालू होती, तिला घरी ठेवता येत नव्हतं. सबनीसांना सातला ऑफिसात हजर राहणं भाग होतं. ऑटो तर नकोच. इकडे आड, तिकडे विहीर.

नियमात एकच फट होती. गाडीतल्या अधिकाऱ्याचं स्वतःचं मूल वाटेत सोडायला परवानगी होती. फक्त त्याच्या कुटुंबाच्या फॉर्ममध्ये मुलाचं नाव हवं.

बुधवारी संध्याकाळी सबनीसांनी दातीरांच्या नावाचा कोरा फॉर्म पुढे ओढला. तीन फोन एकदम वाजत होते, एक ड्रायव्हर दारात रजा मागत उभा होता, डोकं नुसतं भणभणत होतं. त्यांनी पटापट लिहिलं. नाव: कु. ज्ञानदा. वय: आठ. नातं: मुलगी. तपासून पाहिल्याची स्वतःची सही केली. दातीरांच्या सहीची जागा मोकळी सोडून फॉर्म खणात टाकला आणि कुलूप लावलं.

गुरुवारी तपासनिसांनी दुर्गापुऱ्याची गाडी टोंक फाटकापाशी अडवली. साडेदहाला ते ऑफिसात आले, चहा प्यायले.

"आपके दातीर साहब बड़े सज्जन आदमी हैं," त्यांतले एक जण म्हणाले. "बिटिया को गोद में लेकर बैठे थे."

सबनीसांनी कप खाली ठेवला. ज्ञानदा पुढे बसते. नेहमी पुढेच बसते.

त्यांनी खण उघडला. मोकळ्या जागेत सही होती.

स्कूटर सुरू होईना, तेव्हा ते ती तशीच टाकून रस्त्यावर पळत आले. पहिला दिसला तो ऑटो केला. शाळेत पोचेपर्यंत ते एकच वाक्य घोकत होते, की फॉर्म फाडला की झालं, फॉर्म फाडला की झालं.

ज्ञानदा वर्गातच होती. तिला पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाईंनी तिला दाराशी बोलावलं. दोन वेण्या, बोटांना शाई.

"चल बाळा," सबनीस म्हणाले. "घरी जाऊ या."

ती जागची हलली नाही. तिने त्यांच्याकडे नीट, खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग ती बाईंच्या जवळ सरकली.

"मॅम, मैं इन अंकल को नहीं जानती."

तिच्या आवाजात भीती नव्हती. रागही नव्हता.

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "माफ कीजिए," त्या सौजन्याने म्हणाल्या, "आप बच्ची के कौन लगते हैं?"

सबनीसांनी तोंड उघडलं.

ज्ञानदाही मान वर करून त्यांच्या उत्तराची वाट पाहू लागली.