एका टेबलाचा हट्ट

"अहो! ओ शिडीवाले! खाली या!"

शिडीवाला आला नाही. त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही. भिंतीवर 'लार्कफील्ड कॉम्प्युटर' अशी हातभर उंच अक्षरं होती. त्यातलं शेवटचं त्यानं सोडवलं, काखोटीला मारलं आणि तिथेच, शिडीच्या टोकावर, कंबर हलवून एक ठुमका घेतला.

ठुमका!

लिवाय कातिगबाकचं डोकंच फिरलं. हातातला जेवणाचा डबा तिनं शिडीवर आपटला. ठण्ण! तेव्हा कुठे त्यानं खाली पाहिलं आणि कानातल्या वायरी काढल्या. वायरीचं दुसरं टोक शर्टाच्या खिशात, आणि खिशात... अर्थातच, लार्कफील्डचा म्युझिक प्लेअर.

"सॉरी मॅडम. गाणं जोरात होतं."

"ते अक्षर परत लावा."

"आं?"

"लावा म्हणते ना!"

तो उतरला. उंच, उन्हानं रापलेला, पापण्यांवर भिंतीची पांढरी धूळ. एवढ्या रागात पापण्या दिसायला नको होत्या खरं तर. पण दिसल्या.

"तुमच्याच कंपनीनं सांगितलंय," तो म्हणाला. "दुसरा शब्द अख्खा काढायचा. आता नुसतं लार्कफील्ड."

हे तिला माहीत नव्हतं थोडंच! चार वर्षांपूर्वी कुणीतरी हौस म्हणून काढलेला तो प्लेअर आता अख्खी कंपनी गिळून बसला होता. कॉम्प्युटर विभागात अकरा जण उरले होते. दहा जणांनी प्लेअर विभागात जायच्या कागदावर सह्या केल्या. अकरावी लिवाय. तिला शुक्रवारपर्यंत मुदत. सही करा, नाहीतर घरी बसा.

"परवाना दाखवा," ती म्हणाली.

"कसला?"

"फ्रीमाँटमध्ये पाटीला हात लावायचा तर नगरपालिकेचा परवाना आधी भिंतीवर चिकटवावा लागतो. कुठंय?"

तो ट्रककडे गेला. दार उघडून आत बराच वेळ खुडबुड केली. रिकाम्या हातानं परत आला.

"ऑफिसात राहिला वाटतं. दीड तास लांब, खोऱ्यातल्या टरलॉकला."

"मग काम बंद."

"मग काम बंद," तो इतक्या आनंदानं म्हणाला की तिला जरा चमत्कारिकच वाटलं. "मी देलियो. देलियो बेटनकूर."

"मी विचारलं नव्हतं."

"म्हणून तर सांगितलं."

मंगळवारी तिकडे खोऱ्यात दाट धुकं होतं. देलियो दहाला उगवला. परवाना? "शोधतायत अजून." दुपारी तो ट्रकच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसला होता. शेजारी फडक्यात गुंडाळलेला गोल, गोड पाव.

"आईनं केलाय. घ्या. तुम्ही आत काय काम करता?"

"पाडते."

"काय पाडता?"

"शाळांचे कॉम्प्युटर. टेबलावरून सव्वीस वेळा. मग कीबोर्डवर दूध ओतते, फटीत च्युइंगगम कोंबते. पोरं जे करणार ते मी आधी करून बघते."

"आणि याचे पैसे देतात?"

"शुक्रवारपर्यंत."

मग तिनं सगळं सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक. पाव फार मऊ होता बहुतेक.

"सही करून टाक की," तो म्हणाला. 'तुम्ही' कुठे गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. "प्लेअरही पडतातच. माझाच तीनदा पडलाय."

"तुझ्या प्लेअरमध्ये गाणी कशी आली?"

"चुलतभावाच्या कॉम्प्युटरवरून."

"मग? आभाळातून नाही ना पडली! ऐक. हजारो शाळांना मशिनं विकलीत आम्ही. तीन वर्षं सांभाळू म्हणून कबूल केलंय. आता तिथल्या बाई फोन करतात तर उचलायला माणूस नाही. मी हिब्बर्डसाहेबांना म्हटलं, पगारवाढ नको, केबिन नको. एक टेबल द्या. एक टेबल, एक फोन. तीन वर्षं मी एकटी बसते."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, टेबलाखालची जागासुद्धा प्लेअरवाल्यांना हवीय."

देलियो हसला नाही. पावाचा तुकडा हातात तसाच धरून तिच्याकडे बघत राहिला.

"फार हट्टी आहेस तू."

"आहेच."

"शोभतं तुला."

लिवायला ठसका लागला. पाव कोरडा होता... नाही, मऊ होता.

बुधवारी पाऊस. जानेवारीचा, बारीक, कंटाळवाणा. दोघं ट्रकमध्ये बसले. काचा आतून धुरकटल्या. तिनं मावशीनं तळून दिलेले लुम्पिया आणले होते. रोल अजून गरम, कुरकुरीत. त्यानं एक वायर स्वतःच्या कानात घातली, दुसरी तिच्यापुढे धरली.

"शत्रूचा माल आहे. नको," ती म्हणाली.

"एकच गाणं."

वायर आखूड होती. डोकी जवळ आणावीच लागली. त्याच्या केसांना भिजल्या लाकडासारखा वास येत होता. गाणं संपलं तरी कुणी हललं नाही.

"कसं वाटलं?"

"चांगलंय," ती हळूच म्हणाली. "म्हणूनच तर राग येतो ना... वाईट असतं तर भांडायला बरं पडलं असतं."

हात तेलकट झाले होते. कागद शोधायला तिनं समोरचा कप्पा उघडला. आत नगरपालिकेच्या शिक्क्याचा कागद. मागच्या आठवड्याची तारीख.

"हे काय आहे?"

देलियोचे कान लाल झाले. "परवाना."

"ऑफिसात राहिला होता ना?"

"इथेच होता. पहिल्या दिवसापासून. मला वाटलं, तुला तो शब्द अजून चार दिवस दिसावा... आणि मला तू."

दुसरी कुणी असती तर विरघळली असती. लिवाय भडकली.

"दया करतोस माझ्यावर? तीन दिवस मान ताठ करून फिरतेय मी! वाटत होतं, एकटीनं काम थांबवून दाखवलं. आणि ते तुझं खोटं होतं?"

"दया नाही गं, मी फक्त..."

ती पावसात उतरली. ट्रकमधली चिकटपट्टी ओढली आणि परवाना स्वतःच्या हातानं भिंतीवर चिकटवला.

"काढ तो शब्द! पाटीवर काय लिहायचं ते त्यांनी ठरवावं. मला टेबल हवंय. आणि माझ्या बाजूचा असशील ना, तर सगळ्यांदेखत, समोर उभा राहून सांग. माझ्या पाठीमागून नको."

गुरुवारी ती खाली आलीच नाही. शुक्रवारी सकाळी भिंतीवर शब्दाच्या जागी नुसते फिकट डाग होते. ट्रक नव्हता. लिवायनं एकदाच बघितलं आणि आत गेली.

हिब्बर्डसाहेबांनी कागद पुढे सरकवला. "पगार दीडपट केलाय."

"टेबल?"

"लिवाय, लोक गाण्यांकडे चाललेत."

"जाऊ देत की. मी कुणाला अडवलंय? पण ज्यांना आपण कबूल केलं होतं, ती माणसं अजून फोन धरून बसलीत."

"सही कर. पेन चालत नाहीये का?"

"पेन चालतंय, सर. मी नाही म्हणतेय."

कागद तिनं परत सरकवला. ती उठली, दार उघडलं—

बाहेर देलियो. छातीवर पाहुण्यांचा बिल्ला, हातात टोपी. प्लेअर विभागाच्या बरोब्बर मधोमध.

"समोर उभा राहा म्हणाली होतीस."

"इथे?"

"इथेच जास्त माणसं आहेत." त्यानं घसा खाकरला. आजूबाजूच्या पंधरावीस जणांनी एकेक करून कानातल्या वायरी काढल्या. "मी खोटं बोललो. परत बोलणार नाही. तुझं टेबलाचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. आणि तू मला आवडतेस. फार. हे सगळ्यांदेखत सांगतोय."

कुणीतरी शिट्टी मारली. मागून हिब्बर्डसाहेब खाकरले. लिवायनं दोघांकडेही लक्ष दिलं नाही.

"मी आत्ता नोकरी सोडली, देलियो."

"म्हणजे दुपारी मोकळी?"

"नाही. सकाळीच मँटेकाच्या शाळेतून फोन आला होता. तेवीस मशिनं बंद आहेत. तिकडे निघालेय."

"कशानं?"

"बसनं."

"ट्रक आहे माझा." तो थांबला. "नेऊन सोडतो असं म्हणत नाहीये. विचारतोय. आधी. चालेल?"

तिनं हसू आवरायचा खूप प्रयत्न केला. नाही जमलं.

"चालेल. पण रेडिओ मी लावणार."

मँटेकाच्या शाळेत ती वर्गाच्या फरशीवर मांडी घालून बसली. ओठांत स्क्रू, मांडीवर पहिलं मशीन. पिकल्या केसांच्या बाई दारातून धावत आल्या.

"आलात! शेवटी कंपनीनं पाठवलं म्हणायचं कुणाला तरी!"

लिवायनं ओठांतला स्क्रू काढला.

"कंपनीनं नाही म्हटलं, बाई. म्हणून मी आले."

बाईंची नजर तिच्या मागे गेली. देलियो शेजारच्या वर्गातली, हनुवटीपर्यंत रचलेली मशिनं सांभाळत, दार पायानं ढकलत आत येत होता.

"आणि हे? हे कुणाकडून?"

लिवायनं वळून बघितलं. त्यानंही बघितलं, मशिनांच्या वरून, श्वास रोखून.

"हा..." ती म्हणाली. "हा माझा."

आणि पहिलं मशीन उघडायला लागली.