ताईंच्या शब्दावर

लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज झाला, पाठोपाठ भावाचं ते सगळ्या जिन्याला पुरून उरणारं हसू ऐकू आलं, आणि ताईंनी घाईघाईने डोळे पुसून चेहऱ्यावर समाधान आणायला घेतलं... पण आज ते समाधान काही केल्या चेहऱ्यावर टिकेना! एरवी कसं, दाराची कडी काढेपर्यंत गालांवर येऊन हजर व्हायचं.

भाऊ घरांचा दलाल होता. तो स्वतःला दलाल म्हणवून घेत नसे, 'लोकांच्या डोक्यावर छप्पर घालणारा माणूस' म्हणे. शहराबाहेरच्या या स्वस्त वसाहतीवर त्याचा फार जीव. त्याच्या भाषेत बसथांबा लांब असणं म्हणजे 'आपोआप होणारा व्यायाम', दुकानं नसणं म्हणजे 'गोंगाट नाही', आणि इमारतीमागे बंद पडलेल्या खाणीत पाणी साचलं होतं, त्याला तो बेधडक 'आपलं तळं' म्हणे. आता दलालाच्या बोलण्यावर शहाणा माणूस भुलत नाही. पण मग भाऊ गिऱ्हाइकाला ताईंच्या दारात आणून उभं करायचा आणि छातीवर हात ठेवून म्हणायचा, "माझं सोडा हो, मी धंदेवाला. ही माझी सख्खी बहीण. वाईट जागेत मी बहिणीला ठेवीन का?"

यावर भल्याभल्यांच्या माना हलत. उरलेलं काम ताई करत. इथली शांतता, इथली हवा, इथलं सुख... चहाला उकळी फुटेपर्यंत सगळं सांगून व्हायचं.

खरं म्हणजे ताईंनी हे घर मागितलंच नव्हतं. भावाची बायको लेकीला पदरात टाकून गेली, तेव्हा ताईंनी आपलं जुळत आलेलं लग्न एका शब्दात मोडलं आणि त्या तान्ह्या जिवाला उराशी धरलं. ती ठकू. ठकू बोलायला लागली, शिकली, लग्न होऊन आपल्या घरी गेली, आणि त्यानंतर एका सकाळी भावाने ताईंच्या हातात किल्ली ठेवली. "ताई, तुझं स्वतःचं घर! जन्मभर माझ्या घरात राबलीस, आता राणीसारखी राहा!" त्याच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. पाणी ताईंच्याही डोळ्यांत होतं, फक्त कारण वेगळं होतं. काम संपलं, आता निघा, असंच ती किल्ली म्हणत होती... पण देणाऱ्याला एवढा आनंद झालेला असताना 'नको' कुठल्या तोंडाने म्हणायचं?

राणीच्या राज्यात सुरुवातीला कोणी फिरकलंच नाही. मग एकदा भाऊ गिऱ्हाईक घेऊन आला. ताईंना माणसं दिसल्याचा इतका हर्ष झाला, की त्या भरभरून बोलल्या, आणि त्या बोलण्यावर गिऱ्हाइकाने घर घेऊन टाकलं. चारच दिवसांनी भाऊ दुसरं गिऱ्हाईक घेऊन हजर! ताईंना कळायचं ते कळलं. वसाहतीची स्तुती केली, की भाऊ येतो. सोफ्यावर बसतो, "ताई, चहा तुझ्याच हातचा," म्हणतो. आपल्या माणसाच्या घडीभर सहवासासाठी आपण परक्यांचे संसार या आडबाजूला ओढून आणतोय, या जाणिवेने त्यांचं अंतःकरण जळत राही. वरच्या मजल्यावरची नर्स अशीच त्यांच्या शब्दावर आलेली. तिचा जाण्यायेण्यातच निम्मा जीव जाई. ती घरी पोचे तेव्हा तिची लेक झोपलेली असे. जिन्यात भेटली की ती मायेने विचारायची, "काय ताई, बऱ्या ना?" त्या मायेचीच ताईंना इतकी शरम वाटे, की नर्सच्या पावलांची चाहूल लागली की त्या आपलं दार आतून हलकेच लोटून घेत.

आज बेल वाजली. ताईंनी दार उघडलं.

"ताई, आज गिऱ्हाईक घरचंच आहे!" भाऊ गरजला. पोट त्याच्या आधी आत आलं. ताईंच्या तोंडी मात्र तो अजून छोटूच होता.

मागे ठकू, दिवस भरत आलेली, आणि तिच्यामागे जावई, खिशात मोजपट्टी घेऊन. जावयाला बोलण्याचा कंटाळा होता. तो नमस्कार करून थेट भिंती मोजायला लागला.

"खालच्या मजल्यावरचं घर रिकामं झालंय," भाऊ म्हणाला. "आत्या वर, भाची खाली! आणि हवा तर अशी, की या बाईने मागे टेकडी चढून पाय मुरगळून घेतला! या वयात टेकडी! तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो मी."

"बाबा, तुम्ही जरा गप्प बसा," ठकू खुर्चीत टेकत म्हणाली. "तुम्ही स्मशानाला लागून असलेली जागा 'शांत शेजार' म्हणून विकलीत."

"मग? केली का कुणी तक्रार?"

"आत्या, तू सांग. आम्हाला परवडण्यासारखं हेच आहे. हे सकाळी कामाला जाणार ते संध्याकाळी येणार, दिवसभर बाळाला घेऊन मी एकटी. तू हो म्हणालीस तर आजच ठरवून टाकू. नाही म्हणालीस तर नाही. राहशील का गं इथे सुखात, माझ्या जागी असतीस तर?"

ताईंनी हातातली कपबशी भावासमोर ठेवली. खालच्या मजल्यावर ठकू! दुपारच्या त्या भीषण शांततेत बाळाचं रडणं, रोज हाकेच्या अंतरावर आपलं माणूस, आणि नातवंडासाठी भाऊही रोज... एक 'हो'! परक्यांपुढे तर तो हवा तसा उधळला होता. आणि हीच पोर तेवढी त्यांना तो शब्द मागत होती, जिने कधी काळी त्यांच्याच बोटाला धरून पहिलं पाऊल टाकलं होतं!

"ठके," ताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही, "मी टेकडी कधी चढलेच नाही गं..."

"म्हणजे?" भाऊ म्हणाला.

"न्हाणीघरात पडले होते. सकाळी. हाका मारल्या, पण सगळी इमारत कामावर गेलेली. रात्री नर्सबाई जिना चढताना ऐकू आल्या... तेव्हा मी तोंडावर हात धरला."

"का पण?"

"लाज वाटली! तिला इथे आणलं कुणी? मीच ना! फसवून आणलेल्या बाईला 'मला वाचव' म्हणू? सरपटत पलंगापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी छोटू गिऱ्हाईक घेऊन आला. पाय सुजलेला दिसला. म्हटलं, टेकडीवर गेले होते."

भाऊ मटकन खाली बसला. "ताई... पण मी तुला विचारलं होतं! बरं वाटतंय ना, असं विचारलं होतं मी!"

"विचारलंस. गिऱ्हाइकासमोर विचारलंस."

आतल्या खोलीत मोजपट्टी सटकन गुंडाळली गेली.

"मला वाटलं तुला खरंच आवडतं," भाऊ पुटपुटला. "तुझं ऐकून ऐकून मलाच पटलं होतं गं! म्हातारपणी इथेच घर घ्यायचं ठरवून बसलो होतो मी..." उभ्या आयुष्यात त्याला कोणी गंडवलं नव्हतं. गंडवलं ते बहिणीने, आणि तेही त्याच्याच मालाच्या बाबतीत.

"खरं बोलले असते तर तू आला नसतास!" ताईंचा बांध फुटला. "गिऱ्हाईक असलं की येतोस तू, छोटू. मला तेवढंच... तेवढ्यासाठी मी लोकांना..." पुढचे शब्द हुंदक्यात बुडाले. ठकूने उठून त्यांना कवेत घेतलं.

"सगळंच वाईट आहे का आत्या?"

"नाही गं. सकाळचं ऊन घरभर येतं. भिंती कोरड्या आहेत, पाणी मुबलक आहे. ज्याच्या घरात दिवसा चार माणसं आहेत त्याने खुशाल यावं. पण तू एकटी, तान्हं बाळ आणि बसच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टर... नको बाळा. तू येऊ नकोस."

जावई दारात येऊन उभा राहिला होता. "नको म्हणजे नको," तो म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं ते एकमेव वाक्य.

ठकूने पुष्कळ आग्रह केला, पण ताई तिच्याबरोबर गेल्या नाहीत. त्यांचं वर एक काम राहिलं होतं. भाऊ चहाला न शिवता निघाला. जिन्यात त्याचं हसू ऐकू आलं नाही. तो आता परत येणार नाही, हे ताईंनी मनाशी धरलं.

नर्स कामावरून आल्यावर ताई तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि मान खाली घालून सगळं बोलून गेल्या. नर्सने शांतपणे ऐकून घेतलं.

"मला आठवड्यातच कळलं होतं ताई. पण मला परवडत होतं ते हेच. तुम्ही खरं सांगितलं असतंत तरी मी आलेच असते. फक्त रडत आले असते. तुमच्यामुळे हसत आले, एवढंच." मग एकाएकी तिचा आवाज चढला. "पण पडलात आणि मला हाक मारली नाहीत? जन्म चालला माझा पडलेल्यांना उचलण्यात, आणि माझ्या पायाखालच्या घरात तुम्ही...! दाखवा बघू पाय. दाखवा म्हणते ना!"

ताईंनी पाय पुढे केला. इतक्या लाजेत इतकं हलकं वाटू शकतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

बरेच दिवस गेले. एका दुपारी, इमारत रिकामी असण्याच्या वेळी, लिफ्ट वर आली आणि बेल वाजली. ताईंनी सवयीने पदर सारखा केला, सवयीने चेहरा केला आणि दार उघडलं. भाऊ उभा होता. उन्हातून आल्याने घामाघूम, ओरडा खाल्लेल्या पोरासारखा गरीब चेहरा. ताईंनी त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"गिऱ्हाईक खाली थांबलंय का?"

"कोणी नाही."

"मग घर दाखवायला..."

"कोणी नाही गं ताई. बसने आलो. दोन बस बदलून." त्याने पायपुसण्यावर उगाच पाय पुसले. "इतक्या लोकांना विचारलं मी जन्मभर, तुम्हाला कुठे राहायला आवडेल म्हणून. खोल्या किती, खिडकी कुठे, सगळं विचारलं. तुला नाही विचारलं कधी. किल्लीच दिली नुसती... ताई, तुला कुठे राहायचंय गं?"

ताईंच्या चेहऱ्यावरचं समाधान गळून पडलं. त्याखाली जे होतं ते भावाने पहिल्यांदाच पाहिलं, आणि मान खाली घातली.

"आधी आत ये," ताई म्हणाल्या. "सांगायला वेळ लागेल."