पुलाचा चढ

पेट्रोल महागलं तेव्हा साऱ्या शहराने कपाळाला हात लावला. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या तिने मात्र स्कूटरवर चादर टाकली आणि माळ्यावरची सायकल खाली काढली. वाटेत पूल होता. त्याचा चढ असा, की भलेभले खाली उतरून सायकल हाताने ढकलत न्यायचे.

"दमलात वाटतं?" शेजारून ढकलणाऱ्याने विचारलं. पाठीवर हत्यारांची पिशवी, कपाळावर घाम.

"तुम्ही नाही दमलात?"

"मी लिफ्ट दुरुस्त करतो. जगाला वर पोचवतो... आणि मला हे असं!"

ती खुदकन हसली. आई गेल्यापासून हसायला कारण असं नव्हतंच. दुकानात दिवसभर तेच, 'हे स्पष्ट दिसतं, की ते?' घरी परतल्यावर तेवढंही नाही. एकटीचा स्वयंपाक तो कितीसा, आणि वाढायचा कुणाला!

मग रोजच तो चढ सोबतीने होऊ लागला.

"माझे डोळे तपासा ना एकदा."

"का? दिसत नाही?"

"दिसतं... तीच तर पंचाईत आहे."

ती कठड्याकडे बघू लागली. कान मात्र तापले होते.

हळूहळू पायांत बळ आलं. आता न उतरता चढ सहज पार झाला असता, पण ती उतरायचीच. त्यालाही हल्ली धाप लागत नाही, हे तिला कळत होतं... पण विचारणार कसं?

आणि एके दिवशी धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, पेट्रोल उतरलं! आता तरी ती सायकल भंगारात टाक."

सगळं शहर खूश, हिने मात्र स्कूटरवरची चादर काढलीच नाही. पुलावरच्या सायकली एकेक करून दिसेनाशा झाल्या. शेवटी तोही म्हणाला, "साहेब म्हणतात, उद्यापासून स्कूटरच आणा."

"बरं झालं की. सुटलात," ती म्हणाली. त्याने पाठीवरची पिशवी सावरली. ती उगाच ब्रेक चाचपत राहिली, आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी ती न उतरता थेट माथ्यावर पोचली. शाबास म्हणायला कुणी नव्हतं. तिला रडूच कोसळलं.

पुढचे दिवस तसेच गेले. मग एका सकाळी चढावर कुणीतरी बंद स्कूटर ढकलताना दिसलं. पाठीवर हत्यारांची पिशवी. ती घाईने उतरली.

"पेट्रोल संपलं?"

"टाकी काठोकाठ भरलीय."

"मग ढकलताय कशाला?"

"चालू केली की पूल लगेच संपतो हो..." तो घाम पुसत म्हणाला. "रोज संपतोय. मला नाही जमत तुमच्याशिवाय."

मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. तिचे डोळे भरून आले.

"मला वाटलं, महागाई होती म्हणून होतात तुम्ही..."

"आणि तुम्ही? तुमची स्कूटर कुठाय?"

"घरीच," ती म्हणाली, आणि एका हाताने आपली सायकल सावरत दुसऱ्याने त्याच्या स्कूटरला मागून हात लावला.

"हळू ढकला," तो म्हणाला.

"हळूच ढकलतेय."