जीपचा रेडिएटर

खंडेनवमीच्या सकाळी कड्यावरच्या वेधशाळेत डॉ. सुनेत्रा राऊळ काम दिवसभर बंद राहणार म्हणून दात-ओठ खात यंत्रांना हळदकुंकू लावत होत्या. संस्थेने नोंदींसाठी तयार संगणक द्यायला नकार दिला, म्हणून त्यांना तो घरगुती पद्धतीने जुळवावा लागला होता. त्याला पाण्याने थंड ठेवणाऱ्या जलशीतकासाठी तांब्याचा ठोकळा सहकारी अनंत तांडेल यांनी लेथवर कातला. रेडिएटर मात्र भंगारातल्या जीपचा, ॲल्युमिनियमचा. "तोही तांब्याचाच मागवू, पंधरा दिवस थांबा," अनंतराव म्हणाले होते. थांबणं बाईंच्या रक्तातच नव्हतं. "पाण्याला काय कळतंय?" म्हणून त्यांनी विषय संपवला.

डोंगर आतून फाटू लागला की जमिनीतला विद्युतदाब वाढतो. इथला भूविभवमापक तो दोन महिने चढता दाखवत होता. पायथ्याची कोंडवाडी रिकामी करावी म्हणून बाई तहसीलदारांवर अक्षरशः तुटून पडल्या. अखेर माणसं छावणीत गेली. ती परतू नयेत म्हणून घरं पाडायचा हट्टही बाईंचाच.

आज यंत्रांना विश्रांती. प्रथेप्रमाणे अनंतरावांनी संगणक बंद केला, जमिनीतल्या तारा सोडवल्या. मापकाचा काटा जागचा हलला नाही.

"मॅडम, तारा सुटल्यात. मग हा दाब कुठला?"

"नीट सोडवल्या नसतील तुम्ही."

अनंतरावांनी रेडिएटरची नळी उपसली. गढूळ, पांढुरकं पाणी बादलीत पडलं आणि काटा शून्यावर आला.

"दोन धातू एका पाण्यात, म्हणजे बॅटरीच झाली. ॲल्युमिनियम झिजतं, पाणी गढुळतं, तसा प्रवाह वाढतो. मापकाची एक तार संगणकाच्या याच सांगाड्याला जोडलीय. आपण डोंगर नाही, रेडिएटर मोजत होतो."

"मग तेव्हाच मला अडवलं का नाहीत?"

"अडवलं होतं."

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी तहसीलदारांना फोन लावला. "पाडकाम थांबवा. डोंगराला काही झालेलं नाही. चूक माझ्या यंत्राची... माझी आहे."

"सणाआधी उरका म्हणून तुम्हीच माझ्या अंगावर ओरडला होतात, मॅडम. काल शेवटचं घर पाडलं. आता लोकांना काय सांगू?"

"तुम्ही नका सांगू. मी येते छावणीत."

"येऊ नका. माणसं आधीच चिडलेली आहेत."

"चिडायलाच हवं त्यांनी," बाई म्हणाल्या, आणि चपला पायात सरकवून निघाल्या.